भिंतीबाहेरचे विश्रांतिवन

पूर्वी मंदगा नदीच्या काठी कुमुदनगरात सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्मला, आणि वयात आल्यावर त्या नगरातल्या आरोग्यशाळेचा आचार्य झाला. रोग्यांवर उपचार करणे आणि शिष्यांना वैद्यक शिकवणे ही दोन्ही कामे तो एकाच ओसरीवर करीत असे. त्यामुळे आपण रोगी आहोत की आजचा धडा, हे रोग्याला कधी कधी कळत नसे. पण काळजी दोन्हींची सारखीच घेतली जाई, म्हणून कोणी तक्रार करीत नसे.

मंदगा नावाप्रमाणेच संथ होती. सकाळी तिच्यावर धुके पसरलेले असे, आणि ते विरले तरी पाणी वाहते आहे की थांबले आहे हे पटकन सांगता येत नसे. तिच्या काठी राहून लोकही सावकाश बोलणारे, सावकाश रागावणारे झाले होते. आरोग्यशाळा तिथल्या व्यापाऱ्यांच्या संघाने, म्हणजे श्रेणीने, बांधून दिली होती. धान्य, तूप, औषधी सारे श्रेणीकडूनच येई.

शाळेत एक जुनी रीत होती. जो रोगी बरा होऊन आपल्या पायांनी बाहेर पडे, तो घाटावर जाऊन पळसाच्या द्रोणात फुले ठेवी आणि तो द्रोण पाण्यावर सोडी. द्रोण डुलत डुलत खाली जाई आणि राजवाड्याच्या गवाक्षाखालून पुढे निघून जाई.

राजा रोज त्या गवाक्षात बसत असे. त्याची राणी इरावती लांबलेल्या ज्वराने गेली होती. बोधिसत्त्व तिच्या उशाशी शेवटपर्यंत बसून होता, पण ती वाचली नाही. तेव्हापासून पाण्यावर एखादा द्रोण दिसला की राजाला वाटे, आज कोणाचे तरी माणूस उठले. तेवढ्या वेळेपुरता त्याचा जीव निवत असे.

एकदा उत्सवाच्या दिवशी राजाने श्रेणीचा प्रमुख श्रेष्ठी कुलवर्धन याला जवळ बसवून घेतले आणि तो म्हणाला, "श्रेष्ठी, तुमच्या दानाची फुले मी रोज पाहतो. ज्या वर्षी नदी अशी फुललेली दिसेल, त्या वर्षी तुमच्या गाड्यांना जकात माफ." राजाच्या मनात काही वाईट नव्हते. दुःखी माणसाने आनंदाच्या भरात दिलेले ते वचन होते.

कुलवर्धनही काही दुष्ट नव्हता. तो गोड हसे, दान करी, आणि आपल्या आईचे पाय स्वतः चेपून देई. पण व्यापारी तो व्यापारीच. फुले वाढवायची कशी, याचा विचार त्याच्या डोक्यात सुरू झाला आणि मग तो थांबेना.

वैद्यकात रोगाचे तीन प्रकार सांगतात. सहज बरा होतो तो साध्य, कष्टाने बरा होतो तो कष्टसाध्य, आणि बरा होत नाही तो असाध्य. बोधिसत्त्व शिष्यांना हे अगदी सुरुवातीला शिकवी, ते एवढ्यासाठी की कोणाजवळ किती वेळ बसावे लागेल हे त्यांना कळावे. श्रेष्ठीने त्याच विद्येचा दुसरा उपयोग शोधून काढला. त्याने शाळेच्या रस्त्याकडच्या दारात शिष्यांना बसवले. येणाऱ्याची नाडी पाहायची, जीभ पाहायची, आणि साध्य असेल त्यालाच आत घ्यायचे. "बाकीच्यांना नाही म्हणू नका," तो शिष्यांना म्हणाला. "नाही म्हटले की माणसाचे मन दुखते. भिंतीपलीकडे आमराई आहे, तिथे त्यांना विसावा घ्यायला सांगा." आमराईला त्याने विश्रांतिवन असे सुंदर नाव दिले. सावली होती, माठात गार पाणी होते. नव्हता तो फक्त वैद्य.

बोधिसत्त्वाला श्रेष्ठीने सांगितले की दारात बसून शिष्यांचा नाडीपरीक्षेचा सराव होतो. आचार्याला आणखी काय हवे होते? त्याने मान डोलावली. त्याची ओसरी नदीच्या बाजूला होती; आमराई तिथून दिसत नसे.

मग मंदगेवर असा बहर आला की जुनी माणसेही तोंडात बोटे घालू लागली. पडसे, खोकला, अपचन, गळवे. माणसे येत, बरी होत आणि द्रोण सोडून हसत घरी जात. सकाळच्या धुक्यातून पांढरी, पिवळी, तांबडी फुले तरंगत जात, त्यांचा वास नगरभर पसरे, आणि अर्ध्या झोपेत असलेल्या लोकांना आपल्या गावातून मरण निघून गेले असे वाटे. राजा गवाक्षातून उठेनासा झाला. खरे सांगायचे तर इतके सुंदर दृश्य त्या नगराने पूर्वी कधी पाहिले नव्हते.

एके दुपारी बोधिसत्त्व लांबलेल्या ज्वराविषयी शिकवीत होता. तो म्हणाला, "या ज्वराची नाडी सांगून कळत नाही, ती बोटांनीच कळते. असा एखादा रोगी आहे का आत?"

त्याचा सर्वात हुशार शिष्य रेवतक म्हणाला, "नाही, आचार्य."

"काल आला होता?"

"आचार्य, असे रोगी आता शाळेत नसतातच."

"नसतात, की येत नाहीत?"

रेवतक खाली पाहू लागला. बोधिसत्त्व उठला, रस्त्याकडच्या दाराने बाहेर पडला आणि आमराईत गेला.

झाडाझाडाखाली माणसे निजली होती. दुपारच्या उन्हाचे कवडसे त्यांच्या अंगावर हलत होते, आणि सारे इतके शांत होते की क्षणभर तिथे खरोखरच विश्रांती चालली आहे असे वाटावे. एका झाडाखाली सुमना माळीण हार गुंफीत बसली होती. शाळेला रोज फुले तीच देत असे. तिच्या शेजारी तिचा नवरा तिष्य पडला होता. त्याचे ओठ सुकले होते आणि डोळे अर्धे मिटले होते.

"सुमना, तू इथे?" बोधिसत्त्वाने विचारले.

"मग कुठं जाऊ, बाबा?" ती म्हणाली. "दारातल्या पोरांनी ह्यांची नाडी बघितली. रागावली नाहीत हो, गोड बोलली. म्हणाली, विश्रांती घ्या. तेव्हापासून घेतोयच."

"मला का नाही सांगितलेस? फुले घेऊन तू रोज आत येतेस."

"तुम्हीच सांगितलं असेल असं वाटलं. शाळा तुमची." तिने दोरा ओढला. "माझी फुलं रोज आत जातात, बाबा. धनी तेवढा बाहेर राहिला."

बोधिसत्त्व तिथेच मातीवर बसला आणि तिष्याची नाडी त्याने हातात घेतली. तोच ज्वर होता, आणि बराच पुढे गेलेला होता.

मागून आलेला रेवतक झाडाआड उभा होता. बोधिसत्त्व त्याला म्हणाला, "पायांकडून धर. याला आत नेऊ."

"आचार्य, हा उठला नाही तर?"

"नाही उठला तर नाही उठला. तोवर आपण त्याच्याजवळ असू. हेही वैद्याचेच काम आहे, रेवतका, आणि ते तुला शिकवायचे माझ्याकडून राहून गेले."

त्या दिवशी आमराईतली सगळी माणसे आत आली. ओसरी भरली, अंगण भरले. शिष्य कधी न पाहिलेले रोग पाहू लागले. काही रोगी सावरले, पुष्कळ गेले. पाण्यावर आज एखादा द्रोण, उद्या एकही नाही, असे होऊ लागले.

श्रेष्ठी कुलवर्धन धावत आला. पण नेहमीच्या गोड आवाजातच तो बोलला. "आचार्य, हे आपण काय मांडले आहे? जकात माफ झाली त्यातून मी आपल्या शिष्यांसाठी मोठे विद्यालय बांधणार होतो. औषधींची बाग, दूरदेशीचे ग्रंथ, शेकडो विद्यार्थी! इथून वैद्य गावोगाव जातील आणि हजारो लोक वाचतील. त्यापुढे ही आमराईतली चार माणसे, जी तशीही जाणारच आहेत... दार पूर्वीसारखे करा. नाहीतर श्रेणी तूपधान्य कशाच्या जोरावर पाठवणार?"

विद्यालयाचे स्वप्न बोधिसत्त्वाचेही जुनेच होते. ती बाग त्याने मनातल्या मनात कितीदा लावली होती, आणि आता ती हात पुढे केला की मिळणार होती.

"श्रेष्ठी," तो अखेर म्हणाला, "ज्यांनी हा ज्वर कधी हातात धरला नाही, असे वैद्य मी गावोगाव पाठवू? ते तिथे जाऊन काय करतील? दार लावायला तेवढे शिकवतील. तूप बंद करायचे असेल तर करा. मी भिक्षा मागेन."

श्रेष्ठी हात झटकून निघून गेला, आणि खरोखरच धान्याच्या गाड्या यायच्या थांबल्या. बोधिसत्त्व झोळी घेऊन दारोदार हिंडू लागला. सावकाश रागावणारे ते लोक. त्यांनी भिक्षा घातली, पण फुले नाहीशी झाली म्हणून पुटपुटलेही.

मग एके सकाळी राजाच नावेतून घाटावर उतरला. तो रागावला होता आणि घाबरलाही होता. "आचार्य, फुले कुठे गेली? माझ्या नगरात कोणी बरे होत नाही का?"

"महाराज," बोधिसत्त्व म्हणाला, "नदी फुलांनी भरली होती तेव्हा जे बरे होणारच होते तेवढेच आत होते. जकात माफ राहावी म्हणून बाकीच्यांना दारातूनच वळवले जाई, आणि ते भिंतीबाहेर मरत होते. आपल्याला त्यातली फुले तेवढी दिसली."

राजाने ओसरीभर नजर फिरवली. तिष्याच्या अंथरुणापाशी तो थांबला. ते सुकलेले ओठ, ते अर्धे मिटलेले डोळे त्याच्या ओळखीचे होते. तो हळूच म्हणाला, "माझी राणी अशीच दिसत होती. आचार्य, फुलांच्या त्या दिवसांत तिला या दारात आणले असते, तर?"

उत्तर दिले ते तिष्याचे मनगट हातात धरून बसलेल्या रेवतकाने. "महाराज, दारात मी होतो. राणीसाहेब म्हणून मी त्यांना आत घेतले असते. माळ्याची बायको असत्या, तर विश्रांती घ्यायला सांगितली असती."

राजाचा चेहरा पांढरा पडला. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडला. आपले दुःख हलके करायला त्याने जे वचन दिले होते, त्याच वचनाने कितीतरी घरांत तेच दुःख नेऊन ठेवले होते. त्याच दिवशी त्याने ते वचन मागे घेतले. शाळेचे धान्य राजकोठारातून आणि श्रेणीकडून नेमाने यावे, कोण जगले आणि कोण गेले हे त्यासाठी कोणी विचारू नये, अशी दवंडी त्याने पिटवली.

तिष्य वाचला नाही. सुमनेचा हात त्याच्या कपाळावर होता आणि रेवतकाची बोटे त्याच्या नाडीवर. ज्वर कुठे चढतो, कुठे फसवा उतरतो आणि कोणत्या वळणावर औषध द्यायला हवे होते, हे सारे त्या बोटांना तेव्हा कळले. पण तिष्यासाठी ते उशिरा कळले. पुढच्या हिवाळ्यात त्याच ज्वराने एक विणकरीण आली. रेवतकाने तिची नाडी धरली, ते वळण ओळखले आणि वेळेत औषध दिले. ती उठून बसली तेव्हा तो तिला म्हणाला, "बाई, माझे आभार मानू नका. मला हे तिष्याने शिकवले." विद्यालय मात्र बोधिसत्त्वाच्या हयातीत झाले नाही.

शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही कथा जेतवन विहारात भिक्षूंना सांगितली, आणि मग तो म्हणाला, "भिक्षूंनो, त्या वेळचा रेवतक म्हणजे आताचा भिक्षू आनंद. ती सुमना आज एक थेरी, म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणी, आहे आणि ध्यानात मग्न आहे. राजा सुबाहू कधीचाच दुःखाच्या पार गेला. आचार्य होतो तो मी. श्रेष्ठी कुलवर्धन याच सभेत बसला आहे. त्याचे नाव मी घेत नाही, कारण आपणच तो होतो हे त्याला आता कळले आहे. आणि विहार नीटनेटका दिसावा म्हणून जो आजारी भिक्षू तुम्ही आज सकाळी कुंपणाबाहेर झाडाखाली नेऊन निजवलात, तो तिष्य."

मागच्या रांगेतला एक भिक्षू उठला आणि डोळे पुशीत कुंपणाकडे चालू लागला. त्याच्यामागे दुसरे उठले.

ते दिसेनासे होईपर्यंत शास्ता थांबला. मग जे उरले होते त्यांना तो म्हणाला, "ज्याच्यापासून काही मिळायचे नाही, त्याच्याजवळही बसून राहणे, हीच मैत्रीपारमिता, मैत्रीची पराकाष्ठा. तुम्ही अजून इथे का बसला आहात?"