यसाक्काचा तेरडा

फार वर्षं झाली. शहराचा कचरा बैलगाडीतून जायचा आणि पेठेत अजून नळ यायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. पेठेच्या मागं एक पडीक माळ होता. सगळी घाण तिथं यायची, आणि तिथंच पेठेचा आड होता. घाणीचं पाणी मुरत मुरत आडात उतरलं. त्या पाण्यानं यसाक्काची सव्वा वर्षाची नात गेली.

यसाक्का गोवऱ्या थापून विकायची. ती गाड्यांच्या मुकादमाकडं गेली. म्हणाली, "बाबा, गाड्या दुसरीकडं वळव. उद्या सुनेला पुन्हा दिवस गेले, तर तिच्या लेकराला कुठलं पाणी पाजू?"

मुकादम म्हणाला, "पडीक जागा ती, आक्का. तिथं उगवतंय काय जपण्यासारखं?"

यसाक्का तडक डोंगरावर गेली आणि तिनं तेरड्याच्या शेंगा खुडल्या. आता ती शेंग कशी असते ठाऊक आहे ना? बोट लागलं की फट्‌दिशी फुटते. घरी येऊन बघते तर टोपलीत नुसती सालं, बी सगळं वाटेवर सांडलेलं! पण शेणात हात घालून जन्म गेलेली बाई ती. दुसऱ्या खेपेला तिनं शेंगा ओल्या शेणात दाबूनच आणल्या. फुटल्या तरी बी जाणार कुठं? त्याच शेणाचे गोळे वळून तिनं उन्हाळ्यापर्यंत वाळवून ठेवले.

वैशाखात, भर दुपारी, गाडीवान जेवून लवंडले की ती माळावर ते शेणगोळे भिरकावायची. लोक म्हणायचे, म्हातारीचं डोकं फिरलं, घाणीत शेण टाकते.

भादव्यात तेरडा घाण फोडून वर आला. असं म्हणतात, तो बैलांच्या शिंगांच्याही वर गेला आणि बैल माळाच्या कडेला जे बसले ते उठेचनात. मुकादम चिडला, विळा घेऊन स्वतः उतरला. पण जितकं कापावं तितक्या शेंगा फुटायच्या. बी त्याच्या पटक्यात शिरलं, धोतरात शिरलं, चाकांच्या चिखलात रुतलं.

यसाक्का आडाच्या काठावर बसून बघत होती. म्हणाली, "काप, बाबा, काप. माझे हात दुखायलाच लागले होते."

वाट कापून गाड्या पुन्हा सुरू झाल्या. पण पुढच्या भादव्यात मुकादम जिथं जिथं फिरला होता, तिथं तिथं तेरडा उभा! गटाराच्या कडेला, पडक्या भिंतीवर, त्याच्या कचेरीच्या कौलांतसुद्धा. आणि माळ तर नुसता गुलाबी.

आमच्याकडं तेरडा म्हणजे गौर. गौर आणायला बायका कोसभर डोंगरावर जायच्या, त्या साली कलश घेऊन माळावर आल्या. सगळ्यांच्या पुढं मुकादमाची आई. तेवढ्यात मुकादम गाड्या घेऊन आला. त्याची आई बैलांसमोर उभी राहिली. "टाक गौरीच्या डोक्यावर घाण. मग माझ्या घरी जेवायला येऊ नकोस."

मुकादमानं आपल्या हातानं गाड्या वळवल्या. त्या पुन्हा कधी आल्या नाहीत.

असं म्हणतात, त्याच दिवशी आडाचं पाणी निवळून तळाचा दगड दिसला. दिवाळीत सुनेला मुलगी झाली. यसाक्कानं तिला त्याच पाण्यानं न्हाऊ घातलं आणि पोटभर रडली.

आजही गौरी गेल्या की पेठेतल्या बायका शेंगा शेणात दाबतात आणि शहरात जिथं ओसाड जागा दिसेल तिथं गोळे टाकून येतात. पहिली शेंग फोडायचा मान कचऱ्याच्या गाड्यांवरच्या मुकादमाचा. बैलगाडी गेली, मोटार आली, मुकादम तर किती बदलले. पण टोपी झटकून त्यातलं बी मातीत पाडल्याशिवाय बायका त्याला घरी जाऊ देत नाहीत.