झिजलेला टाक

“मग साठ वर्सं म्या न्हाऊ घातलं, ते कुनाला?”

ठकूबाईंचा आवाज कापत होता. समोर गदाधर बसला होता आणि त्याच्या तळहातावर त्यांच्या देव्हाऱ्यातला टाक होता. चांदीचा, रुपयाएवढा पत्रा. त्यावर कधीकाळी देव उठवलेला असणार. आता नुसता उंचवटा उरला होता... नाक नाही, डोळे नाहीत.

कऱ्हेकाठच्या त्या लहानशा मठात गदाधर बारा वर्षं शिकत होता. हाती शंख-चक्र असलं तर कोण, खड्ग नि पानपात्र असलं तर कोण, पायाशी कुत्रा असला तर कोण, सारं त्याला तोंडपाठ. पंचक्रोशीतले लोक मूर्ती घेऊन येत आणि हा एका नजरेत नाव सांगे. आज पहिल्यांदाच नाव सांगता येत नव्हतं. ते त्याला झोंबलं होतं.

“आयुध नाही, वाहन नाही,” तो म्हणाला. “संकल्पात नाव कुणाचं घ्यायचं? खुणा पुसलेला देव पूजेत ठेवू नये, आजी. नदीत सोडून द्या.”

“नातवाचं लगीन तोंडावर आलंय, शास्त्रीबुवा. घरातले समदे देव उजळून झाले. सोनार म्हनतो, ह्यो एक वितळवून नवा करतो, पन वर कुनाला उठवू ते इचारून या.”

“सासूबाईंनी नाव नव्हतं सांगितलं?”

“लगीन होऊन आले तवा मी नऊ वर्साची हुते. म्हैन्याभरात त्या गेल्या. जाताना येवढंच म्हनल्या, ह्याला न्हाऊ घातल्याबिगर जेवू नगंस...”

ओसरीवर वाती वळत बसलेले त्र्यंबकगुरुजी उठून आत आले.

“बाई, न्हाऊ घालताना म्हणता काय?”

ठकूबाईंनी पदर तोंडाशी धरला. “मला मंतर कुठला यायला...”

“मग?”

“चटका न्हाई ना बसला, सोन्या? असं इचारते.”

गदाधराला हसू फुटलं. गुरुजी मात्र हसले नाहीत.

“एकदा घाला की. इथंच.”

त्यांनी स्वतः चुलीवरचं ऊन पाणी तांब्यात आणलं, ताम्हन पुढे सरकवलं.

ठकूबाईंनी पाणी आधी आपल्या कोपरावर ओतून पाहिलं. थांबल्या. थोडं गार पाण्याचं विसण घातलं. पुन्हा कोपर. मग टाक तळहातावर घेऊन अंगठ्यानं हळूहळू चोळू लागल्या. जिथं डोळे असायचे तिथं त्यांनी बोटांचा आडोसा धरला... पाणी आत जाऊ नये म्हणून.

गदाधर बघतच राहिला. हसू केव्हाच ओसरलं होतं.

“गदाधरा,” गुरुजी हळूच म्हणाले, “आज पहाटे आपल्या देवाला स्नान घातलंस?”

“घातलं, गुरुजी. सूक्त म्हणून.”

“पाणी कसलं होतं?”

“नदीचं.”

“गार होतं का रे?”

माघातली थंडी होती. गदाधरानं आठवून पाहिलं. मंत्रातला प्रत्येक स्वर आठवत होता. पाणी मात्र...

ठकूबाईंचे हात थांबले, तसं त्यानं आपलं उपरणं दोन्ही हातांवर पसरलं आणि पुढे केलं. त्यांनी ओला टाक त्यात ठेवला. त्यानं तो टिपला. घासून नाही, टिपून.

“नदीत सोडा म्हणालो, आजी... चुकलो.”

“तुमचं काय चुकलं, लेका? जे शिकलात ते सांगितलंत.”

त्याचे डोळे भरून आले. उपरण्यातली ती कोरी चांदी त्यानं कपाळाला लावली आणि गुरुजींकडे वळला.

“पण गुरुजी, सोनार खोळंबलाय. याच्यावर कुणाला उठव म्हणून सांगू?”

गुरुजींनी टाकावरून एकवार बोट फिरवलं.

“चेहरा नको म्हणावं. चांदी तेवढी जाड घाल... नातसुनेच्या हातांना झिजवायला पुरली पाहिजे.”