गार हीटर

रिटायर्ड फौजदार अप्पासाहेब धुमाळांपुढे घरात कुणी ब्र काढत नसे. थोरल्या बहिणीशी, आक्कांशी, त्यांचा कित्येक वर्षांचा अबोला. संक्रांतीला सुनेनं, रेवतीनं, हट्टानं त्यांना पाचगणीला आक्कांकडे न्यायचं ठरवलं, तेव्हाच त्यांनी बजावलं, "तिळगूळ तू दे. मी गाडीतून उतरणार नाही."

घाट संपता संपता गाडीचा हीटर गार वारा फेकू लागला. अप्पा कडाडले, "इंजिनचा काटा लाल रेषेवर, आणि हीटर गार? बिघडलंय कोण, ते सांग!"

रेवतीनं गाडी कशीबशी आक्कांच्या फाटकाशी आणून बंद केली.

"दोघंही धड आहेत, अप्पा. हीटरला स्वतःची आग नसते. इंजिनची ऊब पाणी त्याच्यापर्यंत आणतं. मधलं पाणी आटलं, की एक तापून बसतं आणि दुसरं गारठून."

अप्पा म्हणाले, "मग घाल पाणी."

"तापलेलं असताना झाकण उघडलं तर हात भाजतो. निवेपर्यंत थांबायचं."

"किती वेळ?"

रेवतीनं फाटकाकडे पाहिलं. "तुम्हाला लागला तेवढा नाही लागणार."

 अप्पा एका हातात गाडीतला रिकामा कॅन आणि दुसऱ्या हातात तिळगुळाचा डबा घेऊन उतरले. दाराशी त्यांचा आवाज आला, "आक्का, पाणी देतेस का गं?"