दिग्विजयचा साडेपाच किलोचा भोपळा

विषय : बाळास आजोळाहून स्वगृही आणणेबाबत.
संदर्भ : बाळाच्या आईची तोंडी अट.

उपरोक्त विषयी निवेदन असे की, एका गावात एक भोळा जावई राहत होता. नाव दिग्विजय. आईवडिलांनी ते मोठ्या आशेने ठेवलं होतं. पुढे गावाने परिस्थिती पाहून त्याचं दिगू केलं. दिगूची बायको कल्याणी बाळंतपणाला माहेरी गेली होती. बाळ तीन महिन्यांचं झालं. इकडे दिगूने पाळणा टांगला, त्याला रोज रिकामाच झोका दिला, आणि शेवटी गाडी काढून सासुरवाडीला पोचला.

कल्याणी ओसरीवर आली. तिने गाडीत डोकावून पाहिलं.

"अहो, सीट कुठंय?"

"चार आहेत की."

"बाळाची. मांडीवर घेऊन मी बाळ नेणार नाही. ब्रेक लागला की हातातलं बाळ हातात राहत नाही. बाळाच्या वजनाला चालेल अशी सीट आणा, मगच आम्ही येऊ."

दिगूने मान डोलावली. मान डोलावण्यात दिगूचा हात कोणी धरला नसता.

दुकानदाराने विचारलं, "बाळाचं वजन?"

"साडेपाच किलो."

"मग ही घ्या. पण बाळ बसवून पाहिलेलं बरं."

दिगू मंडईत गेला आणि साडेपाच किलोचा लाल भोपळा घेऊन आला. भोपळा सीटमध्ये छान बसला. रडलाही नाही. दिगूला त्याचा लळा लागला.

पुढच्या रविवारी तो पोचला, तेव्हा सीट पुढे त्याच्या शेजारी होती. सीटमध्ये भोपळा रस्ता बघत बसला होता.

"पुढे नाही हो," कल्याणी म्हणाली. "धडक बसून पुढची एअरबॅग फुगली तर बाळाला इजा होते. मागच्या सीटवर लावायची, आणि तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. तोंड मागे असलं की मान सांभाळली जाते. पाठ करा आणि या."

दिगू पाठ करत निघाला. "मागच्या सीटवर, तोंड मागे." वाटेत फाट्यावर त्याचे मामा भेटले. त्यांना लग्नाला जायचं होतं. दिगूने त्यांना मागच्या सीटवर उलटं बसवलं. मामा गुडघ्यांवर बसून मागच्या काचेतून बघत होते. मागच्या ट्रकवाल्याला वाटलं, कोणीतरी नमस्कार करतंय. त्याने परत नमस्कार केला. मांडवाच्या दारात उतरल्याबरोबर मामा ओकले.

"गाढवा, माणसाचं तोंड नेहमी पुढे असावं."

"बरं मामा."

रविवारी सीट मागे होती आणि तिचं तोंड पुढे होतं.

"मी काय सांगितलं होतं?"

"मामा म्हणाले, पुढे असावं."

"मामांची मान साठ वर्षांची आहे. बाळाची अजून धरायची आहे." कल्याणीने स्वतः सीट उलटी करून घट्ट बसवली. तोवर दिगूने बाळाला स्वेटर, टोपडं आणि दुलई असं गुंडाळून आणलं. "हे काढा आधी. जाड कपड्यांवरून पट्टा बांधला की तो सैल राहतो. कपडे उतरवायचे, पट्टा आवळायचा, खांद्यापाशी चिमटीत येतो का बघायचं. आला तर अजून आवळायचा. दुलई वरून."

हे सगळं होईतो तिन्हीसांज झाली. तिन्हीसांजेला बाळ बाहेर काढायचं नाही, असं सासूबाई म्हणाल्या. दिगू भोपळा घेऊन परतला.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या सत्यनारायणासाठी गुरुजींना आणायचं होतं. थंडी मी म्हणत होती. दिगूने गुरुजींची शाल काढली, स्वेटर काढला, बंडी काढली. पट्टा आवळला. खांद्यापाशी चिमटा काढून पाहिला. गुरुजी कळवळले, म्हणून अजून आवळला. मग वरून दुलई घातली. पूजेला गुरुजी आले ते दुलईसकट.

"मूर्खा, माणसाला विचारल्याशिवाय बांधू नये. नको म्हणाला, तर सोडून द्यावं."

"बरं गुरुजी."

रविवारी कल्याणीने बाळ सीटमध्ये ठेवलं. दिगू वाकून अदबीने म्हणाला, "बांधू का?" बाळाने भोकाड पसरलं. दिगूने पट्टा सोडला.

"नको म्हणतंय."

कल्याणी पायरीवरच बसली. तिलाही घरी जायचं होतं. माहेरी राहून राहून भावजयीची भांडी आदळायला लागली होती. ती सावकाश बोलू लागली. "अहो, बाळ रडणारच. कितीही रडू दे, कोणी कितीही ओरडू दे, घर येईपर्यंत पट्टा सोडायचा नाही. मागे मी बाळापाशी असेन. तुम्ही मागे बघायचं नाही, थांबायचं नाही. कळलं?"

दिगूने मान डोलावली.

"मग एकदा भोपळ्यावर करून दाखवा."

दिगूने भोपळा घेतला. मागच्या सीटवर, तोंड मागे. तोंड कोणतं, ते देठावरून ठरवलं. पट्टा आवळला, चिमटीत आला नाही. दुलई वरून. कुठे म्हणून चूक नव्हती. सासरे चष्मा लावून बघून आले. "वा, जावईबापू. आता निघायला हरकत नाही."

कल्याणीचे डोळे भरून आले. ती बाळ आणायला आत गेली.

हरकत नाही म्हटल्यावर दिगू निघाला.

मागे बाळ रडलं. दिगूने मागे बघितलं नाही. "अहो, थांबा," कल्याणी ओरडली. दिगू थांबला नाही. सासरे चप्पल न घालता वेशीपर्यंत धावले. दिगूची छाती अभिमानाने फुगली. या वेळी एकही सूचना चुकली नव्हती.

घरी आई भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. नजर अधू, त्यात संध्याकाळ. तिने दुलईवरून तुकडा ओवाळला, पाणी लावलं आणि गालावरून हात फिरवला.

"दिगू, रंग कोणावर गेलाय रे?"

"वजन बरोबर आहे, आई."

आईने दुलई उचलली. बराच वेळ बघितलं. मग घारगे करू म्हणाली. दिगूने पट्टा सोडायला साफ नकार दिला.

सद्यःस्थिती : बाळ व बाळाची आई आजोळीच असून सुखरूप आहेत. बाळाचे वजन आता साडेसहा किलो आहे. त्यास स्वगृही नेण्याबाबत दिग्विजयने नव्याने केलेला अर्ज कल्याणीकडे प्रलंबित आहे. अर्जासोबत साडेसहा किलोचा भोपळा जोडलेला आहे.