वास सगळ्यांना आला होता

एका तालुक्याच्या गावी एक कॉलेज होतं. तिथं वरून हुकूम आला: गुणवत्ता सुधारा. समिती बघायला येईल, तिला पटलं नाही तर मान्यता जाईल. प्राचार्य खरातसरांची झोप उडाली. त्यांनी सगळ्या शिकवणाऱ्यांचे गट पाडले. स्वागताचा, स्वच्छतेचा, सुरक्षेचा, प्रयोगशाळेचा. वर दम भरला, "ज्यानं त्यानं आपल्या गटाचं बघायचं. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसाल तर घरी बसाल!"

हेमलता साबळे तिथं तासावर शिकवायची. तिला घरी बसवायला नुसती मान हलवली तरी पुरत होतं. म्हणून ती सगळ्यांत जास्त भ्यायची. तिचा गट स्वागताचा.

समिती यायच्या सकाळी ती नव्या प्रयोगशाळेपुढं रांगोळी काढत होती. दाराला कुलूप, त्यावर लाल फीत. दाराखालून गॅसचा वास आला.

ती सुरक्षेच्या घोलपसरांकडे धावली. "सर, किल्ली द्या. आत गॅस गळतोय."

"मॅडम, प्रयोगशाळा आमच्याकडे नाही. त्या गटानं मागितली तर देऊ."

प्रयोगशाळेच्या तांबेबाई म्हणाल्या, "वास येतोय ना? मग स्वच्छतावाल्यांना सांगा. आणि हळू बोला गं बाई, आजच्या दिवशी!"

स्वच्छतावाल्यांनी तर कमालच केली. दाराच्या फटीतून आत गुलाबाचा फवारा मारला. "आता येतोय का, बोला!"

आता गुलाब येत होता, आणि गुलाबाखाली तोच वास. हेमलता पुन्हा रांगोळीला बसली. बोलली तर पोटावर पाय येणार. रांगोळीची रेघ वाकडी गेली.

समिती आली. फीत कापली, दार उघडलं. उंबऱ्यापाशीच समई मांडलेली. भोवती पोरं दाटीवाटीनं उभी. समितीच्या अध्यक्षबाईंनी काडेपेटी घेतली. हेमलतानं घोलपसरांकडे पाहिलं. घोलपसरांनी जमिनीकडे पाहिलं. काडी पेटीला टेकली.

हेमलतानं झेप घेऊन काडेपेटी हिसकावली. "ओढू नका! आत गॅस भरलाय!"

खरातसर लालबुंद झाले. "साबळे, तुम्ही कोणत्या गटात?"

"जित्या माणसांच्या!" ती किंचाळली. "पोरांनो, पळा बाहेर!"

खिडक्या उघडल्या, गॅस बंद केला. नळी चिरलेली निघाली. मैदानात सगळे जमल्यावर अध्यक्षबाईंनी एवढंच विचारलं, "हा वास आणखी कुणाला आला होता?"

 आधी घोलपसरांचा हात वर गेला. मग तांबेबाईंचा. मग एकेक करत सगळ्यांचे. सगळ्यांत शेवटी खरातसरांचा.

पोरं आपल्या गुरुजनांच्या त्या वर गेलेल्या हातांकडे बघत राहिली. 

तात्पर्य: कामं खुशाल वाटून घ्या, पण धोका कुणाचा गट विचारून येत नाही. वास येऊनही 'हे माझ्याकडे नाही' म्हणणारा माणूस काडी ओढणाऱ्याइतकाच गुन्हेगार.