आईजवळ ठेवलेलं नाव

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हाचे डोंगर तेवढे अजून जागेवर आहेत, बाकी कुणी उरलेलं नाही. त्या डोंगरांच्या पायथ्याशी एक ओढा होता आणि ओढ्याच्या दोन्ही अंगांना दोन गावं होती. दोन्ही एकाच पाण्यावर जगायची आणि एकमेकांच्या जिवावर उठायची.

वैर कशावरून जडलं, ते कुणालाच धड सांगता येत नसे. अलीकडचे म्हणत, पलीकडच्यांनी आमचा बैल पळवला. पलीकडचे म्हणत, बैल आमचाच होता. त्या बैलाची हाडंसुद्धा केव्हाच मातीला मिळाली होती, तरी माणसं त्याच्यापायी मरतच होती. जिवंत होता तेव्हा त्याला कुणी वेळेवर पाणी दाखवलं असेल की नाही, देव जाणे.

या दोन्ही गावांत एक रीत होती. घरातला पुरुष वैऱ्याच्या हातून पडला, की त्या घरात पुढे जो मुलगा जन्मेल त्याला मेलेल्याचंच नाव ठेवायचं. नावाबरोबर त्याचा पाट, त्याचं पागोटं, त्याची कुऱ्हाड आणि त्याचा सूडही त्या पोराचा. मोठा होऊन त्याने मारणाऱ्याला मारलं, की गाव त्याचं दुसरं बारसं करी. त्या दिवशी जुनं नाव उतरायचं आणि त्याला स्वतःचं असं नाव मिळायचं. तोवर मेलेल्याच्या नावानेच जगायचं. लोकांना ही रीत फार चांगली वाटे. आपल्याकडे माणूस मरत नाही, असं ते अभिमानाने सांगत.

अलीकडच्या गावात रायाजी नावाचा गडी होता. पलीकडच्या धारोजीने त्याला ओढ्याच्या उतारावर गाठून मारलं. वर्ष फिरायच्या आत रायाजीच्या धाकट्या भावाच्या घरी मुलगा झाला. त्याच्या आईने तो पोटात असतानाच एक नाव योजून ठेवलं होतं. पण बाराव्या दिवशी आत्या पाळण्याशी वाकली, बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि म्हणाली, "रायाजी." जमलेल्या बायकांनी डोळे पुसले. बापाने मान खाली घातली. आईने ओठांवर आलेलं नाव गिळलं. तुझ्या मनात काय होतं, असं तिला कुणी विचारलंही नाही.

आता पुढची गंमत ऐका. मेलेल्या रायाजीची बायको, म्हणजे या पोराची काकू, त्याच घरात होती. बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा तेव्हाचा नेम. पोराचं नाव तेच, मग त्याला हाक तरी कशी मारणार? ती पाळण्यातल्या पोराला 'अहो' म्हणू लागली. तो रांगत चुलीपाशी आला की डोक्यावरचा पदर सावरून बाजूला व्हायची. तुम्हाला हसू येत असेल. त्या घरात कुणाला येत नसे. नवऱ्यावाचून सुकलेल्या त्या बाईला एवढाच आधार होता, म्हणून सगळे गप्प बसत.

पोरगा वाढू लागला तो असा. रायाजीला तिखट आवडायचं, म्हणून याच्या भाकरीवर ठेच्याचा गोळा पडायचा. डोळ्यांतून पाणी यायचं, नाक गळायचं, पण रायाजी कधी रडत नसे, म्हणून यानेही रडायचं नाही. रायाजी रागीट होता. म्हणून याने रागाने तांब्या फेकला की घरात सगळ्यांचे चेहरे उजळायचे, आणि हा खदखदून हसला की सगळे अवघडायचे. रायाजी डावा खांदा उचलून चालायचा. कुणी शिकवलं नाही, पण एक दिवस हाही तसाच चालताना दिसला. पारावरचे म्हातारे म्हणाले, "ह्यो त्योच." पुढे पुढे त्याला ठेच्याशिवाय जेवण जाईना. आपल्याला तिखट खरंच आवडतं की नाही, हे मात्र त्याला कधीच कळलं नाही.

एक आई तेवढी त्याला रायाजी म्हणत नसे. सासू टोकायची, तेव्हा ती म्हणायची, थोरल्या दिराचं नाव माझ्या तोंडून कसं येईल? रीत ती रीत. आणि बाळ म्हणूनच हाक मारायची. रीतीच्या कुंपणात तिनेही आपल्यापुरतं एक भोक पाडून घेतलं होतं.

आईपाशी असताना पोरगा निराळा असायचा. त्यांच्या गोठ्यात शेळ्या होत्या. एखादी शेळी विताना अडली की आई त्याला हाक मारायची, कारण त्याचे हात लहान होते आणि घाई करत नसत. शेळीच्या कानाशी तोंड नेऊन तो तिच्याशी काहीबाही बोलत बसायचा आणि ओलं करडू अलगद हातात घ्यायचा. पण गोठ्याबाहेर कुणी दिसलं की हात धोतराला पुसून खांदा उचलायचा. मेलेला रायाजी गोठ्यात कधी पाऊल टाकत नव्हता.

मिसरूड फुटायच्या सुमारास त्याने आईला विचारलं, "तू माजं नाव काय ठेवणार हुतीस?"

"ठेवणार हुते न्हवं, ठेवलंय," ती म्हणाली. "तुजंच हाय. हे नाव उतरंल त्या दिशी सांगीन."

त्याने हट्ट धरला, तशी ती म्हणाली, आत्ता सांगितलं तर या घरात ते टिकायचं नाही, त्यालाही हे लोक ठेचा लावतील. तिचं खरं होतं. तरी तिने तेव्हाच सांगायला हवं होतं, असं मला वाटतं. पण ती आई होती. जपून ठेवलं की सुरक्षित राहतं, एवढंच तिला ठाऊक होतं.

त्या दिवसापासून पोराला दुसरं काही सुचेना. कुणाला गाय हवी असते, कुणाला बायको हवी असते. याला नाव हवं होतं. शेळ्या राखताना तो मनाशीच वेगवेगळी नावं म्हणून बघायचा आणि कुठल्या नावाला आपण वळून पाहतो ते ताडायचा.

दिवस गेले, पोरगा जवान झाला. इकडे गावाचा धीर सुटत चालला. धारोजी म्हातारा झाला होता, त्याला नीट दिसत नाही असंही कानावर येत होतं. तो अंथरुणात पडून मेला तर? मग सूड कुणाचा घ्यायचा? गावचा कारभारी एक दिवस घरी आला, ओसरीवर बसला आणि सरळ म्हणाला, म्हातारा आपल्या मरणाने मेला, तर हे नाव तुझ्या अंगावरून कधीच उतरायचं नाही. मरेपर्यंत रायाजी राहशील आणि सरणावरही रायाजी म्हणूनच जाशील. एवढं बोलून त्याने पानाला चुना लावला.

मरणाची भीती पोराला कुणी ठेवलीच नव्हती, पण ही भीती खरी होती.

आईने ते दाराआडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी शेळ्यांना पाणी पाजताना तिने त्याला सांगितलं, घाटाच्या वर माझं माहेर आहे. आपण दोघं तिकडे जाऊ. तिथे तुला कुणी रायाजी म्हणणार नाही. घाटमाथ्यावर पाय ठेवलास की तिथेच तुझं नाव सांगते.

"लोक म्हणतील, पळाला," तो म्हणाला.

"म्हणू देत. रायाजी पळाला म्हणतील. तू कुठं पळालास?"

हे त्याला पटलं. खरंच पटलं. त्याने शेळ्यांना घरी आणलं, घोंगडी झटकली, आईने भाकरी बांधल्या. आणि तेवढ्यात काकू दारात येऊन उभी राहिली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. नवरा निघाला की बाईला कळतंच. तिने त्याचे पाय धरले. सगळा जन्म तिने ज्याच्यासमोर मान वर केली नव्हती, त्याच्याकडे मान वर करून ती म्हणाली, "अहो, एकदा टाकून गेलात. पुन्हा जाताय?"

मी तुझा नवरा नव्हे, मी तुझा पुतण्या आहे, हे चार शब्द त्याला सुचले नाहीत. इतक्या वर्षांत कुणी ते त्याच्यासमोर उच्चारलेच नव्हते. त्याने घोंगडी खाली ठेवली. मनाशी म्हणाला, घाट चढून जायला कशाला हवं? एका घावात काकूचंही समाधान होईल, गावाचंही होईल, आणि माझं नाव मला मिळेल. एका दगडात किती पक्षी मारावेत, याचा हिशेब माणूस असाच चुकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुऱ्हाड घेऊन ओढा उतरला.

धारोजी आपल्या शेताच्या बांधावर अंबाडीची दोरी वळत बसला होता. पावलं वाजली तशी त्याने मान वळवून विचारलं, "कोण हाय?"

"रायाजी."

म्हाताऱ्याचे हात थांबले. "रायाजीला मी वळखत हुतो," तो म्हणाला. "त्याचा आवाज घोगरा हुता. तू त्यो न्हवंस. तुजं नाव काय, पोरा?"

पोराने तोंड उघडलं, पण सांगायला काही नव्हतं. उभ्या आयुष्यात हे पहिल्यांदाच कुणीतरी त्याला विचारत होतं, आणि विचारणारा होता वैरी.

म्हातारा स्वतःशी बोलावं तसं म्हणाला, "मला बी चुलत्याचं नाव मिळालं हुतं. तुज्या रायाजीनं मारलेल्या चुलत्याचं. मी रायाजीला मारलं, तवा गावानं मला दुसरं नाव दिलं. चांगलं हुतं. पर त्या नावानं आजवर एकानं हाक मारली न्हाई. तुमच्या गावात मला काय म्हणत्यात?"

गावात त्याला धारोजीच म्हणत, म्हणजे त्या मेलेल्या चुलत्याच्याच नावाने. पोराला ते ठाऊक होतं. म्हातारा खोटं बोलत नाही, हेही त्याला कळत होतं. कुऱ्हाड खाली टाकावी, बांधावर बसावं आणि या माणसाला सगळं विचारावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण बसणार कोण? म्हाताऱ्याजवळ बसायला जो माणूस लागतो, तो अजून कुणी घडवलाच नव्हता. घडवला होता तो दुसराच.

"रायाजी," तो पुन्हा म्हणाला आणि त्याने कुऱ्हाड उचलली. म्हातारा उठला नाही. हातातली दोरी तेवढी त्याने घट्ट धरली.

गावात ढोल घुमले. कारभाऱ्याने मांडव घातला, चुली पेटल्या, पंगतीच्या पंगती उठल्या. पोराला नवं धोतर नेसवून पाटावर बसवलं. आत्या आता म्हातारी झाली होती, तिला दोघींनी धरून आणलं. कारभाऱ्याने विचारलं, नाव कुठलं घेणार? राजाचं घे, देवाचं घे, गाव मान्य करील.

"माजं नाव आईपाशी हाय," तो म्हणाला.

सगळे वळले. आई मांडवाच्या टोकाला उभी होती. ती आज चुलीपाशी गेली नव्हती, तिने काही खाल्लंही नव्हतं.

"आई, नाव उतरलं," तो म्हणाला. "आता सांग."

तिने त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या नजरेत. असता तर बरं झालं असतं.

"ते नाव मी एका पोरासाठी ठेवलं हुतं," ती म्हणाली. "शेळी अडली तर तिच्या कानाशी बोलत बसायचा त्यो. सकाळी वढा वलांडून गेला आन् माघारी आलाच न्हाई. माघारी आले ते थोरले भाऊजी. त्यांचं नाव त्यांस्नी ठाऊक हाय."

एवढं बोलून ती मांडवातून निघाली आणि घाटाच्या वाटेला लागली. तिला कुणी अडवलं नाही. पाटावरून उठून तिच्यामागे धावावं, असं पोराला फार वाटलं. पण तिला गाठून म्हणायचं काय? मी तोच आहे, हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं? तो पाटावर बसूनच राहिला. शेवटी कारभाऱ्याने आपल्याच मनाने एक भारदस्त नाव काढलं, आत्याने ते त्याच्या कानात सांगितलं आणि लोकांनी तांदूळ टाकले. त्याला ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

त्याच महिन्यात पलीकडच्या गावात, म्हाताऱ्या धारोजीच्या घरी, एक मुलगा जन्मला. त्याच्या आईनेही काही नाव योजून ठेवलं असेल. बाराव्या दिवशी त्याच्या कानात कोणतं सांगितलं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

मुलांनो, आणि मुलांना नावं ठेवणाऱ्या थोरांनो, एवढं लक्षात असू द्या: आपलं वैर लेकराच्या नावात बांधलं, की वैर जगतं आणि लेकरू मरतं.