भिंतीपलीकडची मूठ

फार मागची गोष्ट आहे, बाळांनो. एका चिंचेखाली साळिंदर आणि उंदरीण शेजारी राहत. मधे मातीची भिंत, तिला एक भोक. दोघं एक खेळ खेळत. आपापल्या बिळात डोळे मिटून मूठभर माती उचलायची; जिच्यात चिंचोके जास्त, ती मूठ जिंकली. पैजेचे दाणे भोकापाशी ठेवायचे. तोंड कुणाचं कुणाला दिसत नसे.

एकदा उंदरिणीच्या मुठीत एकच चिंचोका आला. तेवढ्यात साळिंदराने घाईघाईने दाण्यांचा ढीग लावला. "घाबरलीस ना, ताई? सोड डाव!"

तिच्याजवळ होते ते पिलांचे पावसाळ्याचे दाणे. पण याला एवढी घाई कशाला? तिने तेवढेच दाणे लावले. "दाखव मूठ, दादा."

त्याने भोकाशी पंजा उघडला. नुसती माती!

"कसं गं ओळखलंस?"

जिंकल्याच्या भरात ती बोलून गेली, "मूठ रिकामी असली की तू घाई करतोस."

पुढच्या डावाला साळिंदराने पुन्हा घाई केली. उंदरीण हसली आणि होते नव्हते तेवढे दाणे तिने लावले. पलीकडे मूठ उघडली. चिंचोके टपटप पडू लागले, ते थांबेचनात.

"आई," पिलाने विचारलं, "तू हसायची का थांबलीस?"